लाल कोपऱ्याची पाकिटं

७ मार्च २००५, सोम.
पेशंटच्या जुन्या कागदांचं शेवटचं पाकीट कॉम्प्युटरवर चढवलं. लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या सर्जरीतले, म्हणजे दवाखान्यातले, सगळे पेशंट आता स्क्रीनवर. तीन महिन्यांचे शनि-रवि गेले, मान गेली, नवऱ्याशी बोलणंही गेलं. मॅनेजर जॅनेटने केक आणला. ३१ला 'सर्व नोंदी पूर्ण' या फॉर्मवर आम्हा दोन्ही पार्टनरच्या सह्या झाल्या की सरकारी पैसे मिळणार आणि मॉरीन, आमची नर्स, कायम होणार. प्रधानसर, माझे सीनियर पार्टनर, केक खात म्हणाले, "छान. आता माझं अक्षर कुणाला वाचायला नको." एवढंच कौतुक. तीस वर्षांची प्रॅक्टिस त्यांची, टायपिंग माझं.

१० मार्च, गुरु.
जुनी पाकिटं खोक्यांत भरून गोदामात रवाना. कपाटं मोकळी. बरं वाटलं.

१८ मार्च, शुक्र.
मिसेस केली. परवा कफासाठी मी अ‍ॅमॉक्सिसिलिन दिलं, म्हणजे पेनिसिलिनच. आज अंगभर गांध्या, ओठ सुजलेले. श्वास ठीक, नशीब. इंजेक्शन देऊन तासभर बसवून ठेवलं. पेनिसिलिन चालत नाही हे सांगितलं का नाहीत? "डॉक्टर प्रधान ऑल्वेज नोज, लव्ह."
स्क्रीनवर: अ‍ॅलर्जी नाही.
सरांना विचारलं. "अगं, पाकिटाचा कोपरा लाल नव्हता का?"
कसला कोपरा?
"पेनिसिलिन चालत नसेल त्याचा कोपरा मी लाल पेन्सिलीने रंगवतो. पहिल्यापासून. सगळ्यांना माहीत आहे."
मला नाही! म्हणजे, लाल कोपरे दिसले होते. वाटलं, फायलिंगची काही जुनी खूण. आतली कार्डं वाचली, त्यांत अ‍ॅलर्जीचं काही नाही, आणि रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येईना, म्हणून 'नाही'. सरांना वाटलं जॅनेटने सांगितलं असेल, जॅनेटला वाटलं सरांनी. दोन सेकंदांचा प्रश्न, मी विचारला नाही.

२२ मार्च, मंगळ.
किती लाल कोपरे? "असतील बरेच." हे काय उत्तर झालं? आज सरांवर आवाज चढवला, आयुष्यात पहिल्यांदा. "आत का नाही लिहिलंत, सर?"
"आतलं कोण वाचतं? कोपरा लांबून दिसतो."
तेही खरं, म्हणून जास्तच राग आला.
गोदामवाले ईस्टरच्या सुट्टीवर, खोकी थेट ३०ला. तोवर पेनिसिलिन लिहिण्याआधी प्रत्येकाला तोंडी विचारायचं, अशी चिठ्ठी सगळ्या स्क्रीनना चिकटवली. पेपरलेस म्हणे!

२९ मार्च, मंगळ.
जॅनेट: "दे जस्ट चेक द बॉक्स इज फिल्ड. साइन इट, वी'ल फिक्स इट इन एप्रिल." मुदत हुकली तर पैसे नाहीत, आणि मॉरीनचं काँट्रॅक्ट गुरुवारी संपतं. ती गेली तर डायबेटिसवाल्यांकडे बघणार कोण? सरांनी सही केली. मला म्हणाले, "तू ठरव. तू म्हणशील तसं." हा मोठेपणा की अंग काढून घेणं, कळत नाही. खोटं लिहून द्यायचं, तेही मी केलेल्या घोळावर...

३० मार्च, बुध.
खोकी आली. पहिल्याच खोक्यात लाल कोपरे मोजायचं सोडून दिलं. सकाळपासून एकेक दुरुस्त करतेय. या सिस्टिममध्ये काही खोडता येत नाही, सुरक्षित म्हणतात ते हेच. नवी नोंद वर, जुनी खाली तशीच, प्रत्येकीपुढे ती करणाऱ्याचं नाव. माझं. परत माझं. भीती वाटते, मिसेस केलींच्या आधी कुणी गप्प सोसलं असेल का?
मॉरीन चहा ठेवून गेली. "यू'र सो केअरफुल, डॉक्टर." तिच्याकडे बघवलं नाही.
फॉर्म उद्या बारापर्यंत जायला हवा, माझ्या सहीची जागा अजून रिकामी. अजून सहा खोकी बाकी आहेत.