कोळशाचा काला

भूम,
ता. ९ मार्च १९६३

चि. मल्लिनाथ,

आशीर्वाद नेहमीचेच, राग मात्र ताजा आहे. घरी सगळे ठीक. विहिरीनं तळ दाखवलाय, तेवढं सोडून.

धनबादहून तू लिहिलेली कोळशाच्या प्रयोगांची हकिगत मी काल बाजारच्या सभेत सांगितली. कोळसा दळायचा, पाण्यात कालवायचा आणि पंपानं नळातून कोसच्या कोस ढकलायचा. ना रेल्वेच्या वाघिणी, ना इंजिन! विज्ञानावर बोलताना माझा आवाज चढतो, तुला ठाऊक आहे. पण त्या मिश्रणाला मराठी शब्द सापडेना, म्हणून गरजलो, "कोळशाचा काला!"

तिथंच घात झाला. बंडप्पानं उठून ओंजळ पुढं केली. "अण्णा, परसाद कवा वाटताव?" गफार शिंपी म्हणाला, "कोयला कालाच रहता ना अण्णा, उसमें नवा क्या?" हशा ओसरतोय तोवर बानूबाई उभी. "कोळसा न्यायाला पाणी हाय, अन् आमच्या घागरीला न्हाय व्हय?" सभा संपली. ज्यांच्यासाठी घसा फोडायचा त्यांनीच अशी फजिती करावी! त्यात बानूबाईचा सवाल खरा होता, ते जास्त झोंबलं.

घरी जेवताना मी हेच तणतणत होतो. तुझी बायको शिवगंगा वाढत होती. ती माझ्यासमोर कधी तोंड उघडत नाही. काल विचारलं, "भावजी, नळातलं वाहणं मधीच थांबलं तर?"

तू लिहिलं होतंस तेच सांगितलं. "कोळसा तळाला बसतो, घट्ट होतो. मग पंपानंही हलत नाही. नळच कापावा लागतो."

"म्हंजी त्यांला ठावं हाय, वाहणं थांबलं की काय व्हतं ते," एवढं म्हणाली, भाकरी वाढली आणि आत गेली. मी ताट सारून उठलो.

अरे, लग्न झाल्यापासून "क्वार्टर मिळालं की नेतो" हे एकच पालुपद! पत्रात दाब, पंप, नळ, सगळं. तिच्यासाठी एक ओळ नाही. पाडव्याला तिचे वडील, रेवणसिद्धअप्पा, तिला कायमचं माहेरी न्यायला येताहेत. दरवेळी मी भाषण ठोकून त्यांना परत धाडलं. यंदा माझ्याजवळ भाषण नाही.

पाडव्याआधी ये. येववत नसेल तर लिही, तिच्याच नावानं. त्यात कोळसा नको.

भरल्या ताटावर निरुत्तर झालेला,
तुझा अण्णा,
उत्तरेश्वर