गुळाचा खडा विरघळेपर्यंत

आई,

परवा चिवडा केला. पोह्यांना ऊन दाखवण्यापासून फोडणीपर्यंत सगळा मी, एकटीने. तू असतीस तर आधी माझ्या तोंडाकडे बघितलं असतंस आणि मग विचारलं असतंस की हे तुला कुणी सांगितलं. सांगते. तुझ्याशी गोड बोलायला आता मला काही कारण उरलेलं नाही, म्हणून सगळंच सांगते.

भवानी पेठेतलं आपलं घर आठवतं. दिवाळीच्या आधीचे दिवस. अण्णांच्या कारखान्यात विणताना डाग पडलेली, म्हणून घरी आलेली चादर गच्चीवर पसरलेली आहे, तिच्यावर पातळ पोहे, आणि मी कडेला काठी घेऊन चिमण्या हाकलत बसले आहे. सोलापूरचं ऊन दिवाळीतही हयगय करत नाही, दुपारपर्यंत पोहे बोटात चुरायला लागतात. मग खाली येऊन खोबऱ्याचे काप. तू म्हणायचीस, पलीकडचं दिसलं पाहिजे. मग कढीपत्त्याचं एकेक पान फडक्याने कोरडं करायचं, डाळव्यातले खडे काढायचे, आणि आदल्या दिवशी उखळात शेंगाचटणी कुटायची, भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, मीठ, तेल सुटेपर्यंत. सगळं माझ्याकडे. माझा धाकटा भाऊ तेव्हा गल्लीत गोट्या खेळत असायचा आणि त्याला कुणी हाक मारत नसे.

आणि सगळी तयारी झाली, कढई स्टोव्हवर चढली, की तू गुळाच्या ढेपेतून एक खडा फोडायचीस आणि माझ्या हातावर ठेवायचीस. "जा, पायरीवर बस. तुजी छाती नाजूक हाय, ठसका लागंल. खडा संपस्तवर आत यायचं न्हाय."

मी पायरीवर जाऊन बसायचे. शेजारच्या तेलुगू कुटुंबाच्या हातमागाचा खटखटाट चालू असायचा. खडा चावायचा नाही, चघळायचा, असं मीच ठरवलं होतं, कारण तो जितका पुरेल तितकं बरं. भाऊ येऊन भांडायचा, तिलाच का, मला का नाही? तू आतूनच म्हणायचीस, "तिला लागतो, तुला न्हाय." त्या क्षणी मला जे वाटायचं ते पुढे आयुष्यात फार वेळा वाटलं नाही. घरात इतकी माणसं, इतकी कामं, पण माझी छाती तुझ्या लक्षात आहे. गूळ संपला की मी आत यायचे आणि खाली पसरलेल्या कागदावर चिवडा तयार असायचा, लालसर, चुरचुरीत, प्रत्येक पोह्याला लसणाचा खमंग वास. तू हात पुसत असायचीस. मी मूठभर खायचे आणि मला कधी एकदाही असं वाटलं नाही की मधलं काहीतरी माझ्यापासून लपवलंय.

लग्नात तू माझ्या सासूबाईंना बाजूला घेऊन सांगितलंस, हिला फोडणीपाशी उभी करू नका. त्यांनी ते ऐकलं, आणि मग वर्षानुवर्षं ऐकवलं. सणासुदीला चार बायका चुलीशी घामाघूम झालेल्या असायच्या आणि मी परसात लसूण सोलत बसायचे. जाऊ म्हणायची, आमच्या घरात एक राणीसाहेब आल्यात. मी हसून घ्यायचे, कारण माझ्या बाजूला तू होतीस. आमचं बिऱ्हाड वेगळं झाल्यावर मिरचीची फोडणी हे करायचे, मी नाही. एकदा यांनी हट्टाने छातीचा फोटो काढून आणला. डॉक्टर म्हणाले, छाती ठणठणीत आहे, मन लावून स्वयंपाक करा. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. तुझ्यावर ठेवला.

चिवडा आम्हीही करून बघायचो. हे गरम तेलात लाल तिखट टाकायचे, ते काळं पडायचं, घरभर सगळेच खोकायचे आणि मी आधीच बाल्कनीत. चिवडा कडू व्हायचा, दोन दिवसांत वातड. मग दिवाळीला मंगळवेढ्याहून एसटीने मी तुझ्याकडे यायचे आणि जाताना तू डबा भरून द्यायचीस. मुलगी झाल्यावर एकदा मी तुला सरळ विचारलं होतं, आई, तुझ्यासारखा का होत नाही? तू डब्याचं झाकण बसवत होतीस. म्हणालीस, "एकेकीच्या हाताला गुण असतो बाई. तू घिऊन जात जा की." मला तेही प्रेमाचंच वाटलं. शेवटच्या आजारपणात, अंथरुणावरून, मी न विचारताच तू म्हणालीस की चिवडा सून करून देईल, तू फोडणीच्या नादी लागू नको. तुझे पाय दाबता दाबता माझे डोळे भरून आले होते. मरतानाही हिला माझ्या छातीची काळजी!

आता गेल्या महिन्यातलं ऐक. तुझ्या नातीचा साखरपुडा ठरला. हो, तीच, तू गेलीस तेव्हा शाळेत होती. आम्ही आता जुळे सोलापुरात राहतो, साखरपुडा घरच्या घरीच करायचा होता. ती म्हणाली, बाहेरचं काही आणायचं नाही, आजीचा चिवडा हवा. म्हणून तुझ्या सुनेला बोलावलं. ती म्हणाली, घरून करून आणते. नातीने ऐकलं नाही. मला शिकायचाय मामी, आमच्याच ओट्यावर करा, म्हणाली. तुझी सून आली. पोहे मी गच्चीवर वाळवून ठेवले होते, खोबऱ्याचे काप माझे, कढीपत्ता माझा. कढई चढली तशी ती घुटमळली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "वन्सं, तुमी बाहेर बसा. ठसका लागंल." आणि मी, लेकीचं लग्न करायला निघालेली बाई, निमूटपणे उठले आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले.

थोड्या वेळाने लेकीची हाक आली. "आई, आत ये ना. इथे धूर कुठाय?"

मी दारातून बघितलं. खरंच नव्हता. गॅस बंद होता. शेंगदाणे, डाळवं, खोबरं तळून बाजूला काढलेलं, मोहरी, हिंग, कढीपत्ता झालेला, आणि कढई खाली उतरवून तुझी सून नुसती उभी होती. मग तिने तेलात एक पोहा टाकला. तो फुलला. ती थांबली. जरा वेळाने दुसरा टाकला, तो टाकला तसाच पडून राहिला. तेव्हा तिने डब्यातून दोन मुठी शेंगाचटणी काढली आणि त्या निवलेल्या तेलात सोडली. ना चर्रर्र, ना धूर. तेल लाल झालं आणि लसणाचा तो वास, तुझा वास, माझ्या स्वयंपाकघरात पसरला. कुणाला साधी शिंकही आली नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हे. ती चटणी लहानपणापासून मी कुटत होते. वाटायचं, ती भाकरीसाठी. आणि आई, तेव्हाच मला एक गोष्ट सुचली, जी इतक्या वर्षांत सुचली नव्हती. उखळात ते लाल तिखट कुटताना नाकातोंडात जायचं, डोळ्यांतून पाणी यायचं, तेव्हा तू मला कधी पायरीवर पाठवलं नाहीस. तेव्हा माझी छाती नाजूक नव्हती.

मी तुझ्या सुनेला एवढंच विचारलं की ह्यात ठसका कुठे असतो. ती ओट्याला टेकली. मंद्रूप गावची ती, तिला गोलगोल बोलता येत नाही, हे तुला माहीतच आहे.

"लग्नानंतरच्या पयल्या दिवाळीलाच आत्यांनी दावलं मला," ती म्हणाली. "आणि हात धरून कबूल करून घेतलं, लेकीला सांगू नको म्हणून. म्हणाल्या, तिला यायला लागलं तर ती दिवाळीला हितं कशाला येईल? आता त्या न्हाईत. मी कवर झाकू, वन्सं?"

माझी लेक आधी हसली. म्हणाली, मग आता मी शिकले, मी दिवाळीला येऊ नको का? मला हसू आलं नाही. तिला ते दिसलं आणि ती पोहे ओतायला वळली.

साखरपुड्यात चिवडा सगळ्यांनी वाखाणला. व्याही दोनदा मागून घेऊन गेले. मी ताटं फिरवत होते आणि आतून जळत होते. रेसिपी लपवली म्हणून नाही गं. बायका लपवतात. लेक परक्याचं धन, सून घरची, हा हिशेब मला ठाऊक आहे, तो तू एकटीने मांडलेला नाही. तू हातचं राखून ठेवलं असतंस आणि तोंडावर सांगितलं असतंस की नाही देणार, तर मी चार दिवस रुसले असते आणि विसरले असते. पण तू मला आजार दिलास. नसलेला. आणि तो मी मायेची खूण म्हणून आयुष्यभर जपला. त्याच्यासाठी टोमणे खाल्ले, सासरी नाजूक ठरले, चुलीपासून चार पावलं लांब उभी राहून माझ्याच घरात पाहुणी झाले. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला तुझ्याकडून कळावं?

आणि कारण तरी काय. मी यावं म्हणून. चिवड्यासाठी यायचे का मी? चार-चार तास एसटीची वाट बघत, कडेवर पोर घेऊन, एका डब्यासाठी? तू मला एवढंच ओळखलं होतंस? मी आले असते आई. तू रिकाम्या हाताने परत पाठवलं असतंस तरी पुढच्या दिवाळीला आले असते. तुला त्याची खात्री नव्हती हे मला सगळ्यात जास्त लागलंय. आणि ते तुला विचारायला तू समोर नाहीस, याचा राग त्याहून वेगळा.

रात्री-अपरात्री नाही, चांगल्या भर दुपारी, घरात कुणी नसताना परवा मी कढई चढवली. मोहरी तडतडली तेव्हा पाय आपोआप मागे गेले. मी त्यांना पुढे आणलं. पदर नाकाला लावला नाही. कढई खाली उतरवली, एक पोहा टाकला, फुलला, थांबले. पुन्हा टाकला. पडून राहिला. चटणी सोडली आणि मुद्दाम कढईवर वाकून खोल श्वास घेतला. वाट बघितली. छातीत काही झालं नाही. नुसता लसूण आणि शेंगदाणे. मग पोहे ओतले आणि दोन्ही हातांनी वरखाली केले, तू करायचीस तसे, म्हणजे तू करत असशील असं पायरीवर बसून मी समजायचे तसे. चिवडा तुझ्यासारखाच झाला. थोडा सरसच झाला म्हण.

हे पत्र तुला पोचायचं नाही, आणि पोचलं असतं तरी तुला वाचता येत नव्हतं. तुझी सगळी पत्रं मीच वाचून दाखवायचे. हेही मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मध्येच कुठेतरी, तुझ्या तोंडाकडे बघून, मी चार ओळी गाळल्या असत्या. म्हणून हे राहू दे माझ्यापाशीच.

फक्त एक सांगायचं राहिलं. परवा कढई चढवायच्या आधी मी गुळाचा एक खडा फोडून तोंडात टाकला होता. चावला नाही. चिवडा झाला तेव्हा नुकताच संपला होता.