मधल्या दाराची कडी

४ फेब्रुवारी

ठरलं! मधल्या भिंतीत दार बसणार!!

सासूबाई शेजारी गेल्या होत्या. जेवता जेवता नवरा म्हणाला, "आईशी बोललो. पुढची खोली तिची, मागच्या दोन आपल्या. तिचा स्वयंपाक तिकडे, आपला इकडे. मधे दार." माझा घास हातातच राहिला. म्हटलं, "आई काय म्हणाल्या?" म्हणे, "बरं म्हणाली."

नुसतं बरं! मला तर खरंच वाटेना. लग्न झाल्यापासून मधे एक पडदा, आणि त्या पडद्यातून आवाज — "दूध बघ हं!" "एवढं तेल?" "कुणाचा फोन गं?" आता तिथे जाड लाकूड. शिवाय मागे गल्लीत उघडणारं आपलं स्वतःचं दार, आणि स्वयंपाकघराला खिडकी! मला माझ्या ओट्यावर एकदा मनसोक्त दूध उतू घालवायचंय. मुद्दाम!

एकच मागणं आहे. मधल्या दाराची कडी माझ्या बाजूला हवी. बस्स.

६ फेब्रुवारी

सुतारकाका मापं घ्यायला आले. त्यांनी नीट समजावलं. चौकटीला एका अंगाने खाच असते, दाराचं पान त्या खाचेत बसतं. खाच ज्या बाजूला, त्या बाजूला दार उघडणार. बिजागऱ्याही तिकडे, कडीही तिकडे.

त्यांचं बोलणं संपायच्या आत मी म्हटलं, "खाच माझ्या बाजूला!"

पडद्यातून आवाज — "माझ्या बाजूला!"

काका बिचारे एकदा पडद्याकडे बघतात, एकदा माझ्याकडे. "दोन्हीकडे कड्या लावू का?" "नको!" दोघी एकदम ओरडलो. इतक्या वर्षांत एका गोष्टीवर एकमत झालं, ते हे! सासूबाई म्हणाल्या, "दोन कड्या म्हणजे रोज नवा रुसवा." अगदी खरं, पण मी मान डोलावली नाही.

शेवटी नवरा म्हणाला, "इकडे माणसं जास्त, खाच इकडे." जन्मात पहिल्यांदा माझ्या बाजूने बोलला! सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. मी न्हाणीघरात जाऊन एक गिरकी घेतली.

७ फेब्रुवारी

काका म्हणाले, दार कितीही भारी आणा, चौकट वाकडी असेल तर ते जन्मभर कुरकुरणार. नवऱ्याला म्हटलं, "ऐकलंस?" त्याने वर्तमानपत्र आणखी वर धरलं.

११ फेब्रुवारी

खिडकीची चौकट आली! चार लाकडं ती काय, पण मी दिवसभर तिच्याभोवती फिरतेय.

काटकोन बघायची युक्ती शिकले. दोरी घ्यायची, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणायची, गाठ मारायची. मग तीच दोरी उरलेल्या दोन कोपऱ्यांत. गाठ बरोबर आली तर चौकट सरळ, नाहीतर बसलीय फेंगडी. काका बाहेर गेले होते, म्हणून दोरीचं दुसरं टोक धरायला सासूबाई आल्या. (बोलावलं नव्हतं.) गाठ चांगली बोटभर चुकली! "मी आधी बघितलं!" "नाही आई, मी!" काका आले तेव्हा आम्ही दोघी त्यांना एकदमच सांगत होतो. टेम्पोत धक्का बसला असेल म्हणाले. कोपऱ्यावर हातोडीचे दोन टोले घातले, परत दोरी लावली — बरोबर! मग हलू नये म्हणून वर एक आडवी पट्टी ठोकून टाकली.

सासूबाई हसत होत्या. मीही. मग आठवलं आमचं काय चाललंय ते, आणि दोघी आपापल्या कामाला लागलो.

१३ फेब्रुवारी

गवंडीमामांना आज चक्रमपणाने विचारलं, "एवढ्याशा चौकटीने वरची भिंत पेलेल ना?" मामा इतके हसले की थापी खाली ठेवावी लागली. "वहिनी, भिंत चौकटीच्या डोक्यावर ठेवली तर दार उघडेल का? तो भार वरच्या आडव्या तुळईचा, लिंटेलचा. चौकटीनं फक्त सरळ उभं राहायचं!"

वा! मला चौकट व्हायचंय. फक्त सरळ उभं राहायचं, भार दुसऱ्याचा.

१४ फेब्रुवारी

मधली चौकट उभी राहिली!!! खाच माझ्या बाजूला!

ओळंबा मी स्वतः धरला. दोरीला टांगलेलं ते वजन हेलकावायचं काही केल्या थांबेना. मामा म्हणाले, "वहिनी, श्वास घ्या." दोन्ही अंगांच्या लोखंडी पट्ट्या भिंतीत रुतवल्या, सिमेंट भरलं. आता ही हलत नाही म्हणाले. पडदा काढून पायपुसणं केलं. आज माझ्यासारखी सुखी मीच!

१६ फेब्रुवारी

दुकानात टाइल बघितल्या. निळ्या, मधे पांढरी रेघ. घेतल्या! नवरा म्हणाला, "फरशी कुठे ठरली होती?" म्हटलं, "आता ठरली." जुन्या फरशीवरच बसवायच्या, फोडाफोडी नको. कशी माझी अक्कल!

२० फेब्रुवारी

माझी अक्कल!!

टाइल बसल्या, वाळल्या, काय सुंदर दिसतात. मग काकांनी मधल्या दाराचं पान आणलं, खाचेत लावलं, माझ्या बाजूला ओढलं — खर्रर्र. टाइलला अडलं. हाताएवढंही उघडेना. काकांनी कपाळाला हात लावला. "अहो वहिनी, फरशी चढणार होती तर चौकट बसायच्या आधी बोलायचं ना! दाराचं माप तयार फरशीवरून घेतात."

मला काय माहीत! जमीन दोन बोटं वर आली, दार होतं तेवढंच राहिलं.

खालून कापायचं? खालची पट्टी एवढीशी उरेल, दार वाकेल, म्हणाले. टाइल काढायच्या? माझ्या टाइल? मेले तरी नाही. तेवढ्यात चौकटीच्या पलीकडून सासूबाई, अगदी उत्साहात — "फिरवा की चौकट! माझ्याकडे जुनीच फरशी आहे. कसं मोकळं उघडेल बघा!"

नवरा म्हणतो, "हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी." त्याच्याशी मी बोलत नाहीये.

२३ फेब्रुवारी

चौकट उखडली, फिरवली, परत बसवली. खाच तिकडे. कडी तिकडे. माझं एकच मागणं होतं, ते मी माझ्या हाताने टाइलखाली पुरलं. रडले. मग टाइल पुसल्या. परत थोडं रडले.

सासूबाईंचा उत्साह बघवत नव्हता! मामांना चहावर चहा. राडारोडा स्वतः भरला. कडीला तेल घालून वर-खाली करून बघितली. मला काय कळत नाही? कडी त्यांच्याकडे म्हणजे मनात येईल तेव्हा दार उघडून आत. "दूध बघ हं!" होतं तेच, फक्त लाकडाचं.

२६ फेब्रुवारी

खिडकीही बसली! खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाने उतार दिलाय, पाणी आत येऊ नये म्हणून. खरं की खोटं बघायला तांब्याभर पाणी ओतलं. उतार एकदम झकास! खाली नवरा चपला काढत होता.

त्याची आरडाओरड ऐकून सासूबाई धावत आल्या, आणि त्याला तसा निथळताना बघून इतक्या हसल्या की भिंत धरून खाली बसल्या. मीही त्यांच्या शेजारी बसले. पोट दुखेपर्यंत हसलो.

आणि मला एकदम वाईटच वाटलं. उद्यापासून त्या पलीकडे एकट्या. एकटं जेवायचं, भांडायलाही कुणी नाही. कडी कडी करून मी केवढं रान उठवलं! असू दे त्यांच्याकडे. येऊ देत केव्हाही. दार उघडं आहे एवढा तरी आधार हवा म्हाताऱ्या माणसाला. रोज सकाळचा चहा मीच नेऊन देणार, जवळ बसणार, दोन गोष्टी करणार. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "तुला बरं नाही का?"

मी खरंच फार चांगली आहे.

२७ फेब्रुवारी

सकाळी चहा घेऊन गेले. दार ढकललं. तिकडून कडी.

वाजवलं. "कोण?" म्हटलं, "मी, आई. चहा आणलाय." आतून — "झाला गं माझा! आता संध्याकाळी ये." मग परत गाणं सुरू झालं. त्या गातात! मोठ्यांदा, अगदी गळा सोडून! लग्न झाल्यापासून एकदाही ऐकलं नव्हतं.

तो चहा मी तिथेच उभ्या उभ्या प्यायले. इतकी वर्षं मला वाटत होतं, या घरात सोसतेय ती मी एकटीच.