तरीवाल्याचं पाणी

अल खोर, कतार
५ मे १९९९

तीर्थरूप अब्बांस,

फजलचा अदबीने सलाम. वि. वि. बोंबील पोचले. कंपनीच्या बसमध्ये पिशवी उघडली आणि अर्धी बस नाकाला रुमाल लावून बसली. अवधूतने मात्र चार मागून घेतले. हा नाशिकचा, रास लफानच्या प्लान्टवर इंजिनियर. मी टेक्निशियन, तरी रोज एकाच सीटवर बसतो. त्याच्या घरी अंडंही चालत नाही. आई एकटी असते, रिटायर्ड शाळामास्तरीण. तिला कळलं तर माझी धडगत नाही.

दुसरी बातमी होडीची. कॅनडाचा एक साहेब नोकरी सोडून जाताना आपली कयाक आम्हाला देऊन गेला. दोन माणसांपुरती सडपातळ होडी, वल्ह्याला दोन्हीकडे पातं. त्याच्या मुलखात मैलोन्‌मैल सपाट गवताळ रान आहे म्हणे, त्यातून नद्या जातात, तिथे तो आणि त्याचा दोस्त आठवडाभर वल्हवत जायचे. इथे नदी कुठली? पण अल खोरच्या वरच्या अंगाला तिवरांमधून खाडी आत शिरलीय, बाजूला नजर पोचेल तिथपर्यंत सपाट वाळू. अवधूत म्हणतो, हीच आपली नदी.

चांदाच्या तारखेवरून भरती काढायचा तुमचा हिशोब इथे चालेल ना? लवकर कळवा. आमची सुट्टी एकत्र येते ती शुक्रवारी, चौदाला. मग थेट जूनअखेर, तेव्हा ऊन माणसाला भाजून काढतं. फोनवरच विचारलं असतं, पण तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही सगळ्यालाच हो म्हणता.

तुमची माया लेकरावर अशीच राहू द्या.

तुमचा,
फजल


वेळणे, जि. रत्नागिरी
१५ मे १९९९

चि. फजलला,

दाऊद तांडेलचा दुवा. तुझं पत्र आत्ता हाती आलं, चहा बाजूला ठेवून लिहितोय.

नाही चालायचा. आपला हिशोब आपल्या खाडीचा. पलीकडच्या बंदरात गेलं तरी त्यात फरक पडतो, तू तर दर्यापार गेलास. तिथल्या मासेमाऱ्यांना विचार. विचारायला कमीपणा मानू नको. आपल्या घराण्याला ती खोड आहे.

आणि पाणी गेलंच तर होडी सोडायची नाही. किनारा दिसतो, माणसं दिसतात, म्हणून रेंद्याच्या चिखलात पाय घालायचा नाही. अंगावर काही ओढून पडून राहायचं. पाणी परत येतं.

आपली तर मी अजून चालवतोच आहे, माणसं खाडीपार पोचवतोच आहे. तुझ्या दोस्ताला सांग, माझे बोंबील खाणाऱ्याला आमच्या तरीवर पैसे पडत नाहीत. सुट्टीत घेऊन ये.

खुशाली धाडत जा, जीव लागून राहतो.

अब्बा


अल खोर
२५ मे १९९९

तीर्थरूप अब्बांस,

फजलचा सलाम. तुमचं पत्र काल मिळालं. अवधूत गेला, अब्बा. चौदा तारखेलाच.

तुमच्या उत्तराची वाट न बघता मी आपला हिशोब मांडला. दुपारच्या नमाजापर्यंत पाणी पुरेल असं निघालं. सकाळी भरल्या खाडीत शिरलो. अवधूत पुढे बसून बेसूर गात होता, मी त्याला गप्प बस म्हणत होतो. ऊन चढायच्या आतच होडीचा तळ खरवडला. परत फिरेपर्यंत आजूबाजूला नुसता चिखल. तो म्हणाला, आता काय? मी म्हटलं, येईलच पाणी, आमच्या घरात तीन पिढ्या हेच मोजतात. तो निर्धास्त झाला.

पाणी आलं नाही. माझी बाटली संपली तेव्हा त्याने आपली मला दिली, मला तहान नाही म्हणाला. मी प्यायलो. किनाऱ्यावर एक पांढरी गाडी दिसत होती. तो म्हणाला, जाऊन माणूस आणतो. मी अडवलं नाही. माझाच माझ्या हिशोबावर भरवसा उरला नव्हता. तो मांडीभर चिखलातून थांबत थांबत गेला आणि मग खाली बसला. मी हाका मारल्या. त्याच्यामागे जायला उतरलो तर रुतलो, होडीचा दोर धरून कसाबसा परत आलो. पाणी चढल्यावर वल्हवत गेलो तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं.

कंपनीने त्याच्या आईला उष्माघात एवढंच कळवलं. मला कुणी विचारलंच नाही की हिशोब कुणाचा. जूनअखेर रजा मिळतेय. तिला पत्र लिहू का? तोंड दाखवायची हिंमत नाही.

रागवा, पण उत्तर द्या.

फजल


वेळणे
४ जून १९९९

चि. फजलला,

दुवा. पत्र वाचून दोन दिवस तर धक्क्याला बांधून ठेवली.

पत्र लिहायचं नाही. आपला रिवाज तू विसरलास. तरीवरचा माणूस पलीकडे पोचला नाही, तर तरीवाल्याने स्वतः त्याच्या घरी जायचं. पायरीवर बसायचं, घडलं ते सगळं सांगायचं. ऐकून झाल्यावर त्या घराने पाणी दिलं तरच त्या गावचं पाणी प्यायचं. मागायचं नाही.

हौसाबाईचा नवरा माझ्या तरीवरून पुरात गेला तेव्हा तू लहान होतास. मी तिच्या पायरीवर बसून सांगितलं. तिने दार लावून घेतलं. तसाच सुक्या घशाने परतलो. पुढच्या साली ती आपणहून तांब्या घेऊन धक्क्यावर आली. तुलाही मिळेलच असं नाही.

हिशोब अब्बांनी शिकवला, असं सांगून माझ्यामागे लपू नको. होडी तुझी होती.

अल्ला तुला बळ देवो. मी इथे बसून आहे.

अब्बा


नाशिक
३० जून १९९९

श्री. दाऊदभाई तांडेल यांस,

मृणालिनी दातार हिचा सा. न. वि. वि. मी अवधूतची आई.

फजल परवा आला. आत ये म्हटलं तरी पायरीवरच बसला. पाणी आणलं तर म्हणाला, आधी ऐका, मग द्यावंसं वाटलं तर द्या. मला कंपनीकडून एक शब्द मिळाला होता. त्याने मला पूर्ण दिवस सांगितला. स्वतःला कुठेही वाचवलं नाही.

मला संताप आला. खोटं कशाला लिहू? तुझ्या शहाणपणाने माझा मुलगा गेला, असं मी त्याला म्हटलं आणि दार लावून घेतलं. आत बसून होते. मनात राहून राहून ती बाटली येत होती.

दिवेलागणीला दार उघडलं. तो तिथेच होता, ओठ सुकलेले. माझ्या लेकाने स्वतःच्या वाटचं पाणी ज्याला पाजलं, त्याला मी माझ्या दारात तहानलेला कसा ठेवू? तांब्या पुढे केला. त्याने ओंजळ धरली, मी ओतलं. पाणी पिऊन तो जो रडायला लागला, तो मला आवरेना. पाण्याला एवढं काय रडायचं, मला उमगलं नाही. तुम्हाला उमगेल म्हणून कळवते.

मग त्याला जेवायला वाढलं. अवधूतने बोंबील खाल्ल्याचं तेव्हा कळलं. इतक्या दिवसांनी हसू आलं.

राग गेला असं म्हणवत नाही. पण त्याला सांगा, रजेवर येईल तेव्हा या पायरीवर थांबायचं नाही, सरळ आत यायचं. तुम्हीही या.

आपली,
मृणालिनी दातार