समोरच्या डेअरीपर्यंत

बाबा, आज सकाळी मी भर चौकात एका माणसाला शिवी दिली. तुम्ही असतात तर मला तिथल्या तिथे स्कूटरवरून उतरवलं असतं. सिग्नल लाल होता. शेजारच्या कारमधल्या सद्गृहस्थांनी पोहे संपवले, कागदाची घडी करून कारमधल्या छोट्याशा डस्टबिनमध्ये टाकली, रुमालाला हात पुसले आणि लाल दिव्यातच कार दामटली. काठी टेकत अर्ध्या रस्त्यात आलेले एक आजोबा कसेबसे मागे सरकले. मी ओरडलो, तर काच खाली करून मलाच म्हणतात, "क्या भिया, सुबे-सुबे टेंशन दे रिये हो!" हे आपलं आजचं इंदूर. कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू आलं की ओला-सुका वेगळा करून धावत खाली येणारी हीच माणसं. रस्त्यावर कपटा पडलेला यांना खपत नाही, माणूस पडला तर चालतो. माझं डोकं फिरतं, बाबा. रोज फिरतं.

तुम्ही मला स्कूटर शिकवलीत ते दिवस आठवतात. मिलच्या ऑफिसला रविवारी सुट्टी. परदेशीपुऱ्याच्या मागचं मोकळं मैदान. तुम्ही मागच्या सीटवरून सांगताय, "वळायचंय ना? मग हात दाखव." मैदानात कुत्रंसुद्धा नाही. मी हसून विचारतो, "कोणाला दाखवू?" तुम्ही न हसता म्हणता, "कोणी नसताना दाखवलास तरच असताना दाखवशील." नंतर एकदा बाजारात डोक्यावर भाजीची टोपली घेतलेल्या बाईच्या मागे मी तीनदा हॉर्न वाजवला, तेव्हा तुम्ही स्कूटर बंद करायला लावलीत. "ओझं तिच्या डोक्यावर आहे. तुला कसली घाई?" घरापर्यंत स्कूटर मी ढकलत आणली, पानाच्या ठेल्यावरचे माझे मित्र बघत होते, आणि तुम्ही शेजारून चालत होतात. त्या दिवशी तुमचा भयंकर राग आला होता. नोकरी लागल्यावर मी स्वतःची स्कूटर घेतली, तर तुम्ही पेढे आणायच्या आधी तिला आरसा बसवून आणलात. आम्ही पोरं तेव्हा आरसे काढून ठेवायचो, नसला की रुबाब वाटायचा. "पुढचं सगळ्यांनाच दिसतं," तुम्ही म्हणालात, "मागे काय करून ठेवलंस तेही बघत जा." स्कूटर दोनदा बदलली, पण आरसा मी कधी काढला नाही.

आता आईचं सांगतो, कारण माझा खरा राग तिथला आहे. घरासमोरचा रस्ता रुंद झालाय, मध्ये डिव्हायडर आलाय, त्यात माणसाला जाण्यापुरती फट आहे. पलीकडची डेअरी तीच. संध्याकाळी तुम्ही दोघं दूध आणायला निघायचात, तुम्ही तळहात उंच धरून पुढे, आई मागे, आणि टेम्पोवालेसुद्धा थांबायचे. तुम्ही गेल्यावर ती एकटी जाऊ लागली, तस्साच हात वर करून. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही जात होती. डेअरीवाला तिला स्टुलावर बसवायचा, "माताजी, आज लेट हो गए आप" म्हणायचा, ती अर्धा तास गप्पा मारून अर्धा लिटर दूध आणायची. दिवसभरात तेवढंच तिचं बाहेर जाणं होतं. दीड महिना झाला, ती उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. "मी तर हात वर केला होता रे," ती सांगते. "राँग साइडने भर्रकन आला मेला, वरून हॉर्न! मी तर घाबरून पलटूनच आले. आता नको रे, माझ्याने होत नाही." दुधाची पिशवी आता मोबाइलवरून घरी येते, आई खिडकीत बसते. गेल्या रविवारी मी स्वतः रस्त्यात उभं राहून उलटे येणारे अडवले. प्रत्येकाचं एकच उत्तर, "अंकल, बस यहीं तक तो जाना है." कोणालाच लांब जायचं नसतं, बाबा! एकेकाला धरून घरापर्यंत गाडी ढकलायला लावावी असं वाटलं.

इतकं लिहिलं, पण जे लिहायला बसलो होतो ते अजून राहिलंच आहे. दीड महिन्यापूर्वी ऑफिसातून येताना वळायची जागा फार पुढे आहे म्हणून मीही उलट्या बाजूने आलो. पन्नास पावलांचं तर अंतर. समोर कोणीतरी हात वर केला, मी हॉर्न दाबला आणि पुढे गेलो. मग आरशात निळी सुती साडी दिसली, दुधाची बरणी दिसली, आणि फुटपाथच्या कडेला खांब धरून उभी राहिलेली आई. मी थांबलो नाही. कोपऱ्यावर दहा मिनिटं काढून घरी गेलो. तिने मला पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. "हेल्मेट होतं, मेल्याचं तोंडच दिसलं नाही."

हा कागद मी घडी करून तुमच्या जुन्या लायसन्सच्या पाकिटात ठेवणार आहे, आई ते उघडत नाही. त्या दिवशी मी ग्लास खाली ठेवला आणि तिला म्हणालो, "लोकांना काही रीतच राहिली नाही, आई."