पाणी तोडू नका

१४ मार्च, रविवार

प्रिय वन्सं,
नमस्कार.

इकडे सगळं ठीक. ह्यांचा गुडघा अजून कुरकुरतो. घरात तेवढा गुडघाच कुरकुरत असता तर काय हवं होतं! धाकटीची परीक्षा संपली. आता ती दुपारी बारापर्यंत झोपते आणि उठल्यावर ‘जरा आडवी होते’ म्हणते. आमच्या कारखान्यात मोगऱ्याच्या वासाचा नवा साबण सुरू झालाय. दिवसभर सरकत्या पट्ट्यापुढे उभं राहून वड्या खोक्यात भरायच्या म्हणजे घरी येईपर्यंत केसांनाही तोच वास. हे म्हणतात, चला, अत्तराचा खर्च वाचला.

आता मुद्द्याचं. परवा ह्यांच्याशी फोनवर बोलताना तुम्ही म्हणालात म्हणे, की सारखं लघवीला जावं लागतं म्हणून तुम्ही पाणीच कमी केलंय. बाहेर जायचं असलं की सकाळपासून घोटभरसुद्धा नाही. हे मला हसत हसत सांगत होते. मला हसू आलं नाही.

वन्सं, मलाही तेच आहे. दीड वर्ष झालं. कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटते हो. दर अर्ध्या तासाला पट्ट्यावरून हात काढायचा, बदली बाईला खूण करायची आणि धावत सुटायचं. मैत्रिणींनी माझं नाव ‘पाहुणी’ ठेवलं, कारण मी जागेवर कमी आणि जाता-येताच जास्त दिसायची. मीही हसायची. पण पर्समध्ये कपड्यांचा एक जोड आणि अंगावर कायम गडद रंग. एकदा जिन्यातच झालं. त्यानंतर चार दिवस रजा टाकली आणि दवाखाना गाठला.

तपासण्या झाल्या. मोठं काही नाही. लघवीची पिशवी नाजूक झालीय, चटकन चिडते, एवढंच. तिथली परिचारिका म्हणजे शाळेतल्या कडक बाई. तिने मला एक वही ठेवायला लावली. काय प्यायलं, किती, कधी. किती वाजता गेले, आवरलं की नाही. आठ दिवसांत चोर सापडला. चहा! सहा कप चहा घेत होते मी. एकदम सोडू नका म्हणाली, दर दोन दिवसांनी एक कमी करा. तरी डोकं दुखलंच. मग तिखट, टोमॅटो, संत्री, फसफसणारी पेयं एकेक करून बंद केली आणि एकेक करून परत घेऊन पाहिली. संत्र्याने मला त्रास होतो, टोमॅटोने नाही. प्रत्येकीचं वेगळं असतं म्हणे.

दुसरं, घाई लागली की पळायचं नाही. आहे तिथे थांबायचं, खालचे स्नायू आवळून धरायचे, सोडायचे, पुन्हा आवळायचे. पहिली कळ ओसरली की सावकाश चालत जायचं. दर आठवड्याला दोन फेऱ्यांमधलं अंतर पाच-दहा मिनिटांनी वाढवायचं. मी अर्ध्या तासावरून सव्वादोन तासांवर आलेय. पोट साफ ठेवायचं. झोपण्याआधी दोन तास काही प्यायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पाणी तोडायचं नाही. दिवसभरात सहा-सात पेले, थोडं थोडं, घोट घोट. पाणी तोडलं की लघवी दाट होते, पिशवी आणखी चिडते, वर जंतूंचं फावतं. परिचारिकेने हे सांगितलं तेव्हा मी तिच्याकडे बघतच राहिले. तिला वाटलं मला कळलं नाही, म्हणून तिने पुन्हा सांगितलं.

हे आधी कुणी सांगितलं असतं तर... असो.

तुम्ही आजपासून पाणी सुरू करा आणि एकदा लघवी तपासून घ्या. माझ्यासाठी एवढं कराच.

तुमची लाडकी (असं तुम्हीच म्हणता),
वहिनी


४ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र येऊन नऊ दिवस झाले. चार वेळा उत्तर लिहायला बसले आणि उठले.

तुम्ही लिहिलंत, ‘अगं, आईलाही शेवटी हाच त्रास होता. तू तिचं इतकं केलंस, पोटच्या पोरीनेही केलं नसतं. तू तिला कशी सांभाळायचीस ते सांग, म्हणजे मलाही उपयोग होईल.’ आणि खाली लिहिलंत, ‘सहा वर्षं झाली तरी आईचा तो फोन कानातून जात नाही. शेवटचं बोलणं झालं तेही भ्रमातलं, तिने मला ओळखलंही नसेल.’

आईंना मी कशी सांभाळायची, ते सांगते.

दोन वर्षं नीट सांभाळलं, हे खरं आहे. तुम्ही दोन दिवसांच्या वाटेवर, हे फिरतीवर, धाकटी शाळेत. आईंचं चालणं कमी झालं, काठीशिवाय उठता येईना आणि न्हाणीघरापर्यंत पोचायच्या आतच व्हायचं. आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे बेतून शिवणारी बाई, कपड्याला सुरकुती खपायची नाही त्यांना. ओलं झालं की त्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसायच्या. मी कारखान्यातली पाळी करून यायची आणि आधी चादरी धुवायची. आठवड्यात तीनदा, मग पाचदा. चिडत नव्हते असं नाही. पण बोलत नव्हते.

त्या वर्षी उन्हाळ्यात नवी गादी घेतली. तिसऱ्याच दिवशी ती भिजली. त्या दिवशी मी बोलले.

“आई, चारनंतर पाणी बंद. माझ्याच्याने आता होत नाही.”

त्या म्हणाल्या, “बरोबर आहे तुझं. किती करशील तू तरी.”

त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं.

चारनंतरचं बंद केलं, तरी चादर ओली. मग दिवसाला तीन कप ठरवले. मोजून. मी कामावर गेल्यावर त्यांना मोह होऊ नये म्हणून पाण्याचा जग फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवायची. वन्सं, पुन्हा लिहिते. वरच्या फळीवर. तुमची आई पाच फूटसुद्धा नव्हती.

आणि चार-पाच दिवस चादर खरंच कोरडी राहिली. मी म्हटलं, “बघा, जमलं की नाही?” तर त्या अशा हसल्या, जणू परीक्षेत पास झाल्या. ओठ फुटले होते त्यांचे. बोलताना जीभ टाळ्याला चिकटून ‘टक’ असा आवाज व्हायचा. मी त्यांना ओठांना लावायला तूप दिलं. पाणी नाही दिलं.

मग लघवीला जळजळ सुरू झाली. थेंब थेंब आणि सारखं. मला वाटलं अजून पाणी जास्तच होतंय. मी तिनाचे दोन कप केले.

गुरुवारी दुपारी त्यांनी तुम्हाला फोन केला. मी पट्ट्यावर होते. अंगात ताप असणार, उठवत नसणार, फोन तेवढा उशाशी होता. तुम्हाला म्हणाल्या, “मला पाणी आणून दे गं.” तुम्ही संध्याकाळी फोन करून मला विचारलंत, आई असं काय बोलते? मी म्हटलं, “हल्ली भ्रम होतो त्यांना. तुम्ही शेजारच्या खोलीत आहात असं वाटत असेल.”

इतकं पटकन म्हटलं मी ते. तुम्ही रडायला लागलात आणि मीच तुमची समजूत घातली.

शुक्रवारी त्यांना दवाखान्यात नेलं. जंतू रक्तात गेले होते. तिथे एक तरुण डॉक्टर होते, भला माणूस. हातातल्या कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, “पाणी किती पितात आजी?”

मी म्हटलं, “भरपूर.”

हे शेजारीच उभे होते. ह्यांनीही मान डोलावली. ह्यांचा माझ्यावर विश्वास होता.

अकरा दिवसांनी आई गेल्या. तुम्ही दवाखान्यात तिसऱ्या दिवशी पोचलात, तोवर त्यांचं बोलणं बंद झालं होतं. तुम्ही सगळ्यांसमोर माझे हात हातात घेतलेत आणि म्हणालात, “या हातांनी माझ्या आईचं केलंय.” मी हात काढून घेतले नाहीत. तेव्हापासून तुम्ही मला प्रत्येक पत्रात ‘लाडकी’ लिहिता.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नसतं, सगळेच म्हाताऱ्या माणसांचं पाणी कमी करतात. ते खोटं नाही. त्या परिचारिकेला मी आडून विचारलंही. ती म्हणाली, त्या वयात असे जंतू पाणी पिणाऱ्यांनाही होतात, एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. तिने मला मोकळं करण्यासाठीच जणू सांगितलं. पण मी अडाणी होते म्हणून पाणी तोडलं, हे एक. डॉक्टरांसमोर ‘भरपूर’ म्हटलं, ते अडाणीपणाने नाही. त्या दिवशी मला आईंसाठी भीती वाटत नव्हती, स्वतःसाठीच वाटत होती. लोक काय म्हणतील, हे काय म्हणतील, तुम्ही काय म्हणाल.

आज सकाळी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं. मग उठून मोरीतली भांडी घासायला लागले. ती आधीच घासलेली होती. सगळी पुन्हा घासली, पुसली, जागेवर ठेवली. शेवटी पाठमोरेच म्हणाले, “ताईला लिही. मी नाही सांगणार. तूच लिही.” दुपारी स्वतःचं पान स्वतःच वाढून घेतलं. पत्र टाकायला मात्र तेच जाणार आहेत.

तुम्ही मला माफ करावं म्हणून हे लिहीत नाही. तुमचं पाणी सुरू झालं आहे, तपासणी करून आलात, हे वाचून जीव भांड्यात पडला; तेवढं मला पुष्कळ आहे. पण तुम्ही सहा वर्षं एक दुःख उगाच वागवताय आणि ते मी दिलेलं आहे. म्हणून एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती सांगते.

डॉक्टरांपुढे मी ‘भरपूर’ म्हटलं तेव्हा आईंनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर त्यांच्यावर वाकून म्हणाले, “काय आजी, पिता ना भरपूर पाणी?” त्या बराच वेळ माझ्याकडेच पाहत होत्या. मग त्यांनी मान हलवली. हो म्हणून.

भ्रमातल्या माणसाला दुसऱ्याचं खोटं असं सावरून घेता येत नाही, वन्सं. त्या पुऱ्या शुद्धीत होत्या. आदल्या दिवशी फोन केला तेव्हाही होत्या. त्यांना ठाऊक होतं आपण कुणाशी बोलतोय. ओळखून, नंबर लावून, तुम्हालाच फोन केला त्यांनी. त्यांना तहान लागली होती, आणि मागितलं तर तुम्ही द्याल, हे त्यांना माहीत होतं.

खाली काय म्हणून सही करू, मला सुचत नाही. लाडकी नाही. वहिनी म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमच्या आईची सून