शुक्रवारची खाट

सोमवार, ९ सप्टेंबर

खाट मिळाली! डोंगरापलीकडच्या व्यसनमुक्ती केंद्रात, शुक्रवारी सकाळी, रोनेटसाठी. बाकी सगळीकडे म्हणतात, आधी नशा सोडवा, मग डोक्याचं बघू. किंवा याच्या उलट. दोन्ही एकदम बघणारी ही एकच जागा. तुरुंगाची समाजसेविका म्हणून उन्हाळाभर मीच फोन करत होते.

तुरुंगात जाऊन तिला सांगितलं. गोळ्यांनी तिच्या कानातले आवाज आता बंद झालेत. म्हणाली, “मिस येसेनिया, तोवर मला सोडू देऊ नका. बाहेर मी टिकायची नाही.”

मंगळवार, १०

सोडलं!

जजने मोठ्या मनाने सोडलं — चोरी किरकोळ, म्हणे. तिच्या वकिलाला मी कालच विनवलं होतं, शुक्रवारपर्यंत थांबा. हसला. “माझ्याच अशिलाला आत ठेवा म्हणू? माझी वकिली घालवता का?”

सार्जंट हॉब्सने तिला तुरुंगातल्या सपातांवरच दाराबाहेर काढलं. गोळ्या नाहीत. मला निरोप नाही. जाऊन भांडले. तो म्हणाला, “पोरी, सुटलेल्या माणसाला मी कुठल्या कायद्याने बसवून ठेवू?”

बरोबर बोलतो, म्हणून जास्तच संताप येतो.

बुधवार, ११

पुलाखाली, पेट्रोल पंपामागे, चर्चच्या जेवणाच्या रांगेत. कुठेच नाही.

गुरुवार, १२

आजही नाही. दुपारी केंद्रातून डोरीनचा फोन — उद्या येणार की नाही, आत्ताच सांगा, बाकीचे खोळंबलेत. खाट रिकामी राहिली तर पुढे आमच्या तुरुंगातल्या कोणालाच देणार नाहीत. मी म्हटलं, ती गेली हातची. दुसऱ्या कोणाला द्या.

आणि जज, वकील, हॉब्स — सगळे आज छान झोपतील!

घरी येऊन बीन्सचं पातेलं आदळलं. पापा फळांच्या पॅकिंगच्या शेडमधून, कामावरून नुकतेच आले होते, बूट काढत म्हणाले, “आरडाओरडा करायचा पगार मिळणारी आपल्या घरात तू पहिलीच.” आई हसली. मी नाही. यासाठी शिकले का मी?

शुक्रवार, १३

डोरीनचा फोन. रोनेट केंद्र उघडायच्या आधीच दारात उभी होती. सफरचंदांच्या ट्रकवाल्याने आणून सोडलं. केस ओले करून विंचरलेले.

खाट तुमच्याच मिसने सोडली, असं डोरीनने सांगितलं. रोनेटला पटेना. “काहीतरी चूक झाली असेल. मिस येसेनिया असं करणार नाहीत.” पायरीवर बसून राहिली.

बराच वेळ बसली होती, म्हणे. मग उठून गेली.